सिनेमातलं बास्केटबॉल आणि जेद्दामधलं

५ ऑगस्ट २०२५. मी सवला मामाच्या घरी होते. पावसाने धरून ठेवलं होतं, सावित्री गढूळ होऊन भरून वाहत होती, आणि फोनला रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येत होती. त्या कोपऱ्यात बसून मी जेद्दामधला भारत-जॉर्डन सामना बघत होते. फिबा आशिया चषक, म्हणजे आशियातल्या पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची बास्केटबॉल स्पर्धा. मामेभाऊ शेजारी येऊन बसला. तो गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळतो, उजवा कोपरा सांभाळतो. बास्केटबॉलशी त्याचा संबंध नाही. दोन-तीन मिनिटं बघून म्हणाला, "ताई, हे खरंच आपले आहेत का गं?"

जर्सीवर देशाचं नाव होतं. पाठीवरची नावं आपल्याकडचीच होती. तरी त्याला हा प्रश्न पडला, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं नवल वाटलं नाही. सामना बरोबरीत गेला, पाच मिनिटांचा जादा वेळ मिळाला आणि त्यात भारत ८४-९१ असा हरला. तो शेवटपर्यंत उठला नाही. पुढे चीन आणि सौदी अरेबियाकडूनही आपण हरलो, आपली स्पर्धा तिथेच संपली. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने चीनला ९०-८९ असं एका गुणाने हरवलं. तोपर्यंत मी मुंबईला परतले होते. सामने डोक्यातून गेले, भावाचा प्रश्न राहिला. हे आपले आहेत का?

बास्केटबॉल कसं दिसतं हे त्याला कुठून कळलं असेल? मैदानातून नाही. महाड-पोलादपूर भागात कबड्डीचं मैदान प्रत्येक वाडीला आखता येतं, टेनिस बॉलचं क्रिकेट भात कापलेल्या शेतातही होतं. बास्केटबॉलची रिंग असलीच तर एखाद्या शाळेच्या आवारात, जाळी नसलेली, आणि तिच्या खांबाला गॅदरिंगच्या मांडवाचा दोर बांधलेला. म्हणजे त्याने हा खेळ पाहिला तो पडद्यावर. माझंही तेच. आपल्यापैकी बहुतेकांनी बास्केटबॉल पहिल्यांदा पाहिलं ते शाहरुख आणि काजोलमुळे.

'कुछ कुछ होता है' १९९८चा. कॉलेज इतकं चकचकीत की तिथे कुणी अभ्यास करत असेल असं वाटत नाही. त्या कॉलेजच्या कोर्टवर राहुल आणि अंजली खेळतात. तो चीटिंग करतो, ती तरी जिंकते. बरीच वर्षं लोटल्यावर समर कॅम्पमध्ये ती दोघं पुन्हा खेळतात. आता अंजली साडीत आहे, पदर आवरतेय, आणि हरते. या दुसऱ्या सामन्यावर भरपूर लिहून झालंय. मुलीने मुलीसारखं झाल्यावरच तिच्यावर प्रेम बसतं, हा त्या सिनेमाचा हिशोब आता कुणालाही दिसतो. माझा आक्षेप जरा वेगळा आहे. या सिनेमात बास्केटबॉल हा खेळ म्हणून येतच नाही. तो कपड्यांसारखा येतो. राहुलच्या गळ्यातली ती चेन आणि अंजलीचे ट्रॅकसूट यांच्या रांगेत चेंडू बसतो. अंजली चांगली खेळते असं आपल्याला सांगितलं जातं, पण ती कुठल्या संघात आहे, तिला कुणी शिकवलं, ती कुणाविरुद्ध खेळली, यातलं काही कळत नाही. संघ नसलेलं बास्केटबॉल! पाच जणांचा खेळ दोघांत उरकलेला.

'कोई... मिल गया' (२००३) त्याच्या पुढे जातो, किंवा वर जातो म्हणा. तिथे रोहित आणि त्याची चिल्लीपिल्ली टोळी उंच, धष्टपुष्ट मुलांशी सामना खेळते, आणि जादूच्या शक्तीने पोरं हवेत अशी उडतात की रिंग त्यांच्या गुडघ्याशी येते. मधे सूर्य ढगाआड जातो, जादूची शक्ती जाते, पोरं जमिनीवर येतात. मग ऊन पडतं. लहानपणी हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही, आणि आजही तो लागला तर चॅनल बदलणार नाही. पण आता बघताना एक गोष्ट टोचते. आपली बुटकी, साधी मुलं या खेळात जिंकायची तर परग्रहावरून मदत यायला हवी, असं तो प्रसंग गृहीत धरतो. आणि प्रेक्षकालाही ते पटतं! क्रिकेटवरच्या सिनेमात असं करून बघा. 'लगान'मध्ये भुवनच्या बॅटला उडत्या तबकडीने हात लावला असता तर आपण थिएटर डोक्यावर घेतलं असतं. क्रिकेटमध्ये आपण घाम गाळून जिंकू शकतो हे आपल्याला माहीत आहे. बास्केटबॉलमध्ये ते शक्य आहे असं सिनेमा बनवणाऱ्यालाही वाटलं नाही आणि बघणाऱ्यालाही.

'हाफ गर्लफ्रेंड' (२०१७) यातला सगळ्यात टुकार सिनेमा, आणि गंमत म्हणजे सत्याच्या सगळ्यात जवळ गेलेलाही तोच. चेतन भगतच्या कादंबरीवर बेतलेला. बिहारच्या खेड्यातला माधव झा, इंग्रजी अडखळत बोलणारा, खेळाच्या कोट्यातून दिल्लीच्या बड्या कॉलेजात शिरतो. त्याच्याकडे बास्केटबॉल आहे, इंग्रजी नाही. भारतीय बास्केटबॉलचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमाने केलेलं नाही. इथे हा खेळ खरोखरच खेड्यातल्या आणि छोट्या शहरातल्या मुलांना कोट्यातून वर घेऊन जातो. कॉलेजात, मग रेल्वेत, सैन्यदलात, पोलिसात, ओएनजीसीत. पण हे सत्य हाताशी आल्याबरोबर सिनेमा ते सोडून देतो. माधवचं बास्केटबॉल रिया नावाच्या श्रीमंत मुलीपर्यंत पोचण्याची शिडी होतं, आणि ती वर पोचली की शिडी काढून घेतली जाते. उरलेला वेळ तो इंग्रजीच्या मागे पळतो.

तिन्ही सिनेमे एकत्र ठेवले की भावाचा प्रश्न समजतो. पडद्यावर बास्केटबॉल म्हणजे इंग्रजी, पैसा, टेकडीवरचं कॉलेज किंवा चमत्कार. मग जेद्दाच्या कोर्टवर दाढीवाले, थकलेले, फ्री थ्रो चुकल्यावर स्वतःवर चिडणारे भारतीय दिसले की ते 'आपले' वाटतीलच कसे?

आता हे लोक कोण असतात ते बघू. १४ जुलै २०१४ला चीनमधल्या वूहानला भारताने चीनला ६५-५८ असं हरवलं. (इथे नावाचा घोळ आहे, तो सांगून टाकते. १९६०मध्ये मनिलाला सुरू झालेली मुख्य स्पर्धा पुढे 'फिबा आशिया चॅम्पियनशिप' म्हणून चालली. वूहानची स्पर्धा तिच्याहून वेगळी, धाकटी, आणि 'आशिया चषक' हे नाव तेव्हा त्या धाकटीचं होतं. २०१७पासून मोठ्या स्पर्धेने ते घेतलं. जुने निकाल शोधताना यावर भले भले घसरतात.) स्पर्धा धाकटी असली तरी चीनला चीनमध्ये हरवणं धाकटं नव्हतं. त्या संघात अमृतपाल सिंग होता. अमृतसरजवळच्या फत्तूवालचा, शेतकऱ्याच्या घरातला. बास्केटबॉल हातात आलं ते विशीच्या तोंडावर, त्याआधी तो गावात कबड्डी खेळायचा. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा सावरून बसला. त्याच संघातला विशेष भृगुवंशी वाराणसीचा, पुढे बरीच वर्षं भारताचा कर्णधार आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार विजेता. अमृतपाल पुढे ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सिडनी किंग्जकडून खेळला.

यातल्या कुणावर हिंदी सिनेमा निघालेला नाही. सतनाम सिंगवर मात्र 'वन इन अ बिलियन' (२०१६) हा माहितीपट निघाला. पंजाबच्या बल्लोके गावचा सात फूट दोन इंचांचा सतनाम लुधियानाच्या अकादमीत घडला, कोवळ्या वयात अमेरिकेला गेला आणि २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलं, ५२व्या क्रमांकावर. त्याच्याआधी भारतातून कुणी तिथवर पोचलं नव्हतं. माहितीपट प्रामाणिक आहे. गाव, शेत, बाप, सगळं दिसतं. पण नाव बघा, अब्जात एक. म्हणजे उरलेल्या एक कमी अब्जाचा विषय मिटला. त्याची सगळी ओढ ड्राफ्टच्या रात्रीकडे आहे. सतनाम भारताकडून आशियाई स्पर्धा खेळला, पण या गोष्टीत आशिया हे वाटेवरचं स्टेशन आहे, गाडी थांबते न थांबते. भारतीय बास्केटबॉलची गोष्ट सांगायची म्हटलं की आपल्याला एकतर कॉलेज लागतं, नाहीतर अमेरिका. मधला आशिया कुणाला नको असतो. चीन, जॉर्डन, लेबनॉन, फिलिपिन्स यांच्याशी झुंजून हरण्यात काही गोष्ट आहे असंच कुणाला वाटत नाही.

ती गोष्ट असते. जपानकडे बघा.

ताकेहिको इनोउएची 'स्लॅम डंक' ही मांगा १९९० ते १९९६ या काळात आली आणि जपानी पोरांच्या एका पिढीला तिने कोर्टवर नेऊन सोडलं. तुमच्यातल्या ज्यांना ॲनिमेचं वेड आहे त्यांना हे सांगायला नको. २०२२मध्ये इनोउएने स्वतः दिग्दर्शित केलेला 'द फर्स्ट स्लॅम डंक' आला, भारतातही थिएटरात लागला. मांगाचा नायक लाल केसांचा दांडगा साकुरागी. सिनेमात इनोउएने मुद्दाम नायक बदलला आणि संघातला सगळ्यात बुटका खेळाडू, ओकिनावाचा र्‍योता मियागी, मधोमध आणला. थोरला भाऊ समुद्रावर गेला तो परत आला नाही, आईला बोलता येत नाही, मुलाला सांगता येत नाही, आणि जे बोलायचं ते सगळं त्या एका सामन्यात चेंडू पळवताना बोललं जातं. शेवटच्या क्षणांत आवाज जवळजवळ नाहीसा होतो. अख्खं थिएटर श्वास धरून बसतं.

मला हा सिनेमा आवडतो त्याचं कारण त्यातलं दुःख नाही, मॅच आहे. सिनेमा जवळजवळ अख्खा एका सामन्यावर उभा आहे. प्रेस कसं तोडायचं, दोघांनी घेरल्यावर बुटक्याने कुठून निसटायचं, रिबाउंडसाठी अंग कसं लावायचं, हे तो दाखवतो आणि प्रेक्षक ते समजून घेईल यावर विश्वास ठेवतो. मियागी उडत नाही. तो खाली वाकतो, जमिनीलगत चेंडू नेतो. 'कोई... मिल गया'च्या पोरांना जे ढगातून मिळालं ते मियागीला गुडघ्यातून काढावं लागतं.

तक्रारही आहे. (सिनेमा पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) शेवटी मियागी दिसतो तो अमेरिकेत. इतका मातीतला सिनेमा, समुद्रकाठच्या त्या सिमेंटच्या कोर्टवर वाढलेला, आणि कळस मात्र तिकडचा. इनोउएलाही तो मोह आवरला नाही. त्याच्या नावाच्या मांगेतून जपानी मुलांना अमेरिकेत पाठवणारी शिष्यवृत्ती २००६पासून चालते हे माहीत असलं की त्याचं मन कळतं, पण पटत नाही. कारण खुद्द जपानने वेगळा शेवट लिहिला. सिनेमा आला त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३मध्ये, विश्वचषकाचे जपानचे सामने मियागीच्याच ओकिनावात झाले. जपानने तीन सामने जिंकले, आशियाई संघांत सगळ्यात वर राहून पॅरिस ऑलिंपिकची थेट जागा मिळवली. त्या संघाचा कर्णधार युकी तोगाशी, उंची १६७ सेंटिमीटर. आमच्या सवच्या कबड्डी संघात तो उंचही गणला गेला नसता आणि बुटकाही.

मांगामुळे जपान जिंकला असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे व्यावसायिक लीग आहे, शाळाशाळांत प्रशिक्षक आहेत. आपल्याकडे २०१५मध्ये एक लीग सुरू झाली, तीत 'पुणे पेशवाज' नावाचा संघही होता, आणि काही हंगामांत ती मिटली. आशियातले अनेक संघ एक परदेशात जन्मलेला खेळाडू नागरिकत्व देऊन घेतात, फिबाचा नियम तशी एका खेळाडूची मुभा देतो. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही, त्यामुळे ती वाट अवघड. हे सगळं खरं. पण जपानच्या संघाकडे बघून तिथलं कुठलंही पोरगं 'हे आपले आहेत का' असं विचारणार नाही. तेवढं काम त्या चित्रांनी केलं.

मग आपल्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं का? मराठीत?

होतं, आणि ते नागपाड्यात होतं. आमच्या खाडीपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डोंगरी, मदनपुरा, नागपाडा या भागांत राहिली. त्यामुळे सवला बसून नागपाड्याबद्दल बोलणं हे तसं दूरचं बोलणं नाही. १९२७मध्ये तिथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू झालं. सुरू केलं अमेरिकन मराठी मिशनने, क्लिफर्ड मॅन्शार्ट या पाद्र्याच्या पुढाकाराने. (त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. योगायोगच आहे, पण १९२७ म्हटलं की महाडकडच्या माणसाला तो आठवल्याशिवाय राहत नाही.) गिरण्या, गोदी, दाटीवाटीच्या चाळी, हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती एकमेकांना खेटून, अशा वस्तीत मॅन्शार्टने वाचनालय, दवाखाना, वर्ग आणि खेळ आणले. १९३६मध्ये त्याच घरात समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, ती आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. आणि त्या मैदानावर बास्केटबॉल रुजलं. का रुजलं हे समजायला फार अक्कल लागत नाही. क्रिकेटला मोठं मैदान लागतं, फुटबॉललाही. नागपाड्यात दोन इमारतींच्या मधे जेवढी मोकळी जागा उरायची तेवढी बास्केटबॉलला पुरायची.

त्या गल्ल्यांतून भारताकडून खेळणारे खेळाडू निघाले. अब्बास मुंतसिर त्यांतले सगळ्यात मोठं नाव. ते भारताचे कर्णधार झाले, १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या दशकात भारत आशियात खरोखर दखल घेण्याजोगा संघ होता. १९७५च्या बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपण चौथे आलो, चीन, जपान आणि दक्षिण कोरियाच्या मागे. त्याहून वर आपण आजतागायत गेलेलो नाही. १९८१मध्ये ही स्पर्धा कोलकात्यात भरली तेव्हा पाचवे.

आता मराठी साहित्याचा नकाशा घ्या. नागपाड्याच्या नाक्यावरून चालत निघालं तर थोड्याच वेळात गोलपिठा येतो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना. त्या कवितांनी मराठी साहित्याला एक अख्खा भूभाग दाखवला, जो हाकेच्या अंतरावर असून दिसला नव्हता. अर्जुन पुरस्कार १९७०चा, 'गोलपिठा' १९७२चा. दोन वर्षं आणि पाच-सात गल्ल्या एवढंच अंतर. या भागातली भूक, विक्री, हिंसा मराठीत आली, यायलाच हवी होती, ढसाळांनी ती आणली नसती तर अजून आली नसती. पण त्याच भागातलं संध्याकाळी पाचनंतरचं कोर्ट मराठीत आलं नाही. दिवसभर हमाली करून आलेल्या माणसाचा पोरगा बूट उसने घेऊन खेळतो आणि त्याच कोर्टवरून कुणीतरी देशाचा कर्णधार होतो, हेही त्याच नरकाच्या शेजारी घडत होतं. ते लिहायला कुणी गेलं नाही.

ढसाळांनी ते लिहायला हवं होतं असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. त्यांची निकड वेगळी होती. माझा राग त्यांच्यानंतर आलेल्यांवर आहे, ज्यांनी तो भाग म्हटलं की फक्त ढसाळांचीच नक्कल केली. कामाठीपुरा-नागपाडा म्हणजे रक्त, पू, दारू, असा एक साचाच पडला. मराठी कवितेत आणि सिनेमात पुढे तो इतका वापरला गेला की त्या वस्तीतल्या माणसाला हसण्याखेळण्याची सोयच उरली नाही. नागपाड्यातला मुलगा लेअप मारतोय हे वाक्य मराठीत खोटं वाटतं, आणि ते खरं आहे.

आणखी एक बाब मला खुपते. ज्या अमेरिकन मराठी मिशनने हे घर बांधलं, तिचंच 'ज्ञानोदय', १८४२ला अहमदनगरला सुरू झालेलं. रेव्हरंड टिळक त्याचे मराठी संपादक होते. मराठी वाङ्मयाच्या कुठल्याही इतिहासात या मिशनला तेवढं पान मिळतं. छापलेलं ते आपण जपलं. नागपाड्याचं कोर्ट छापलेलं नव्हतं, म्हणून ते आपल्या इतिहासात नाही. शिवाय ज्यांनी ते गाजवलं त्यांची नावं बहुतेक मुसलमान होती आणि बोली बंबैया. मराठीने त्यांना आपलं म्हणायचं कारण शोधलं नाही, उर्दू आपल्या मुशायऱ्यात रमली, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी चारदोन फीचर लिहून हा विषय आपल्याकडे ठेवून घेतला.

आज नागपाड्यात बच्चू खान यांच्या नावाचं पालिकेचं मैदान आहे. बच्चू खान म्हणजे तिथल्या पोरांना घडवणारे प्रशिक्षक. मराठीत मैदानांना राजकारण्यांची नावं सहज मिळतात, प्रशिक्षकाचं नाव क्वचित. तिथे संध्याकाळी जा. शिवीगाळीसकट इतकं वेगवान बास्केटबॉल बघायला मिळेल की राहुल-अंजलीचा सामना फुगडीसारखा वाटेल.

अंजलीचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करते. हा लेख पुरुषांच्या स्पर्धेबद्दल असला तरी गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातून बास्केटबॉलचा जो चेहरा देशभर ओळखला गेला तो पुण्याच्या शिरीन लिमयेचा, भारतीय महिला संघाच्या कर्णधाराचा. पदर आवरत हरणारी अंजली आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शिरीनचं नाव हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांना आधी ठाऊक होतं?

जेद्दाच्या सामन्याकडे परत येते, कारण तो मी नंतर पुन्हा पाहिला. पहिल्यांदा बघताना मी निकालाच्या मागे होते. दुसऱ्यांदा बघताना सिनेमासारखा पाहिला, आवाज बंद करून. तेव्हा लक्षात आलं की आपल्या संघाच्या खेळात गोष्ट ठासून भरलेली असते. अंगाने भारी संघासमोर मागे न हटणं, रिबाउंडसाठी तिघांनी मिळून एकाला अडवणं, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड झाल्यावरही बचावासाठी धावत परतणं. जादा वेळेत दम संपतो तो दिसतो. चेंडू घेताना हात गुडघ्यावरून उशिरा उचलला जातो. असं हरणं कबड्डी खेळणाऱ्या माझ्या भावाला चटकन कळलं. तो बास्केटबॉलचे नियम विचारत नव्हता, तो म्हणत होता, "बघ, त्याला आता पकड सुटणार." आणि सुटली.

हिंदी सिनेमाने सत्तावीस वर्षांत या खेळाचं एक शरीर तयार केलं, चकचकीत, घाम न येणारं. 'हाफ गर्लफ्रेंड'च्या माधवला घाम आला, पण लगेच पुसला गेला. इनोउएने घामाचा एकेक थेंब काढला. आपल्याकडे एखाद्या मराठी दिग्दर्शकाला नागपाडा करावासा वाटला तर जागा तयार आहे. 'झुंड'मध्ये नागराज मंजुळेंनी नागपूरच्या झोपडपट्टीतलं फुटबॉल धरलं, आणि त्या सिनेमाचा सगळ्यात चांगला भाग अमिताभचा नाही, पोरांचा पहिला सामना आहे, ज्यात कॉलेजची पोरं आणि वस्तीची पोरं मधली भिंत ओलांडून एकाच मैदानावर येतात. तसा सामना नागपाड्यात वर्षानुवर्षं रोज झालाय. त्याला परग्रहाची मदत नको, अमेरिकेतला शेवटही नको. फार तर बँकॉकचा चौथा क्रमांक पुरेल. चौथ्या क्रमांकावर संपणारा सिनेमा काढायला मात्र निर्मात्याची छाती लागेल.

भाऊ त्यानंतर चीनचा सामनाही बघायला बसला, त्याच्या फोनवर, त्याच कोपऱ्यात. ६९-१००. मधेच रेंज गेली. मला मेसेज आला: "ताई, चीनवाले लई उंच आहेत. पण तो आपला एक जण खालून घुसतोय, मस्त. कुठला आहे तो?"